उसने बेडूक

इंदू गेल्याचं मला मेहकरच्या गाडीच्या कंडक्टरनं सांगितलं. आमचं औषधाचं दुकान चिखलीच्या एसटी स्टँडसमोर, त्यामुळे तालुक्यातल्या बातम्या आम्हाला वर्तमानपत्राच्या आधी कळतात. भर दुपार, यजमान जेवायला घरी गेलेले, मी एकटीच काउंटरवर पेंगत बसलेली. तो पायरीखालूनच म्हणाला, "बाई, त्या डब्यावाल्या मॅडम सकाळी वारल्या." मी म्हटलं, "कोणत्या मॅडम?" खरं तर मला तेव्हाच कळलं होतं. पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसणाऱ्या मॅडम साऱ्या मेहकर लाइनवर एकच होत्या. फाल्गुनात तिला कावीळ झाली, उतरली असा निरोपही आला होता, आणि चैत्रात ती पुन्हा उलटली ती तिला घेऊनच गेली. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती बाईनं... मी दुकानाची फळी लावली आणि त्याच कंडक्टरच्या गाडीनं मेहकरला गेले.

आता महिना उलटून गेला. गेलेल्या माणसाबद्दल गोड गोडच लिहावं असं म्हणतात. इंदूबद्दल तसं लिहिलं तर ती वरून येऊन माझ्याशी भांडेल. हट्टी होती, फटकळ होती, चहात साखर कमी पडली तर तोंडावर सांगायची. माझी आणि तिची ओळख कॉलेजात झाली, तीही आपखुशीनं नाही. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झालेली, आमच्या भागात सायन्स कॉलेज नवं नवं निघालेलं, आणि बी.एस्सी.च्या त्या वर्गात मुली दोनच. प्रयोगशाळेत एका टेबलावर दोघा-दोघांना बसवायचे. आमचे प्राणीशास्त्राचे दामले सर पुण्याकडचे, फार सभ्य. मुलींना मुलांशेजारी बसवणं त्यांना प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनी आम्हा दोघींना खिडकीपाशी बसवलं. मी कारकुनाची मुलगी, वेणीला रिबिन लावणारी. इंदू उंद्रीच्या माळ्याची. हाताला मिरच्या तोडून तोडून पडलेले डाग, आणि बोलणं असं की सर पहिल्या दिवशी दोनदा "काय म्हणालात?" म्हणाले. तिसऱ्यांदा इंदू मला म्हणाली, "याईले ऐकू कमी येते काय वं?"

मला बेडकाची किळस होती. आजही आहे, लपवत नाही. सायन्सला मी आले ते चित्रं बरी काढते म्हणून. मेणाच्या ट्रेमध्ये क्लोरोफॉर्म दिलेला बेडूक उताणा ठेवायची वेळ आली की मी चित्राच्या वहीत डोकं घालायची. इंदू स्वतःचा उताणा करायची, मग माझाही करायची, चारी पायांना टाचण्या मारून द्यायची आणि म्हणायची, "घे, आता तं चावत नाई ना?" कातडी चिमट्यानं उचलून ती कात्रीचं टोक असं वर वर चालवायची की खालच्या शिरेला धक्का लागत नसे. छाती उघडली की ते एवढंसं काळीज धडधडत असायचं आणि ती मान वाकवून बघत राहायची. रोहिणी कुठली, नीला कुठली हे तिला पटकन उमगायचं. मला ते सगळं चित्रात कळे, ट्रेमध्ये नाही.

तास संपला की मात्र ती नळावर जाऊन चिंचेच्या कोळानं हात घासायची. चिंच घरूनच पुडीत आणलेली असायची. मला वाटलं, असेल सोवळं. एकदा विचारलं, तर आजूबाजूला बघून म्हणाली, "वास जाते. तात्याले मालूम नाई मी काय कापतो ते." तात्या म्हणजे तिचे वडील. प्रवेशाच्या दिवशी मी त्यांना पाहिलं होतं. धोतर, डोक्याला पटका, सरांसाठी पिशवीभर वांगी. त्यांनी फी भरण्याआधी एकच विचारलं होतं, "जीवशास्त्र म्हनजे झाडाझुडपाचंच ना?" आणि इंदू म्हणाली होती, "हाव." त्यांच्या मिरचीवर दरवर्षी कोकडा यायचा, पानं आखडून गोळा व्हायची. पोरगी शिकून ते थांबवेल म्हणून त्यांनी तिला कॉलेजात घातलं, साऱ्या भावकीला न जुमानता. वनस्पतिशास्त्र आम्हाला होतंच, म्हणजे ती अर्धं खरं बोलली होती. पण उरलेलं अर्धं वाईट होतं. तात्या विहिरीचा गाळ काढायचे तेव्हा आधी विहिरीतले बेडूक घमेल्यात घालून वर आणायचे, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी थारोळ्यात ठेवायचे आणि गाळ निघाला की पुन्हा खाली सोडायचे. बेंडूक आहे तोवर झरा आहे, असं त्यांचं म्हणणं. "त्याईले कळलं," इंदू म्हणाली, "तं माह्यं कॉलेज त्याच दिवशी बंद. मंग मी आन मिरच्या."

आणि शेवटी कळायची वेळ आली ती परीक्षेच्याच तोंडावर. आमच्याकडे बेडूक पावसाळ्यात पैशाला पासरी, पण परीक्षा पडायची चैत्रात. तेव्हा सारे नाले कोरडे, बेडूक जमिनीत. म्हणून सर पावसाळ्यातच बेडूक धरून आणवायचे आणि कॉलेजच्या मागच्या हौदात वर्षभर सांभाळायचे. हौदावर गोणपाट, वर पळसाच्या फांद्या. सुटीच्या दिवशीसुद्धा सर येऊन डोकावून जायचे. आम्ही त्याला सरांची सासुरवाडी म्हणायचो. त्या वर्षी बाहेरचे परीक्षक पहिल्यांदाच येणार होते, आणि आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की काय होतं ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. सगळं झाडून पुसून काढलं. भिंतींना चुना, खुर्च्यांना तेल, बरण्यांना नव्या चिठ्ठ्या. या उत्साहात कुणीतरी हौदही घासला, ताजं पाणी भरलं, आणि पाहुण्यांना पटकीबिटकी होऊ नये म्हणून त्यात ब्लीचिंग पावडर ओतली. सकाळी आम्ही गेलो तर हौद लख्ख आणि सगळे बेडूक पोट वर करून तरंगत असलेले.

परीक्षा परवावर. पेपरात बेडकाची धमनीसंस्था ठरलेली. दामले सर हौदाच्या काठावर बसले, ते उठेचनात. मुलं सायकली घेऊन सुटली. कुणी नाल्यात, कुणी खदानीत. एक जण पार पिंपळगाव राजाच्या बाजूला जाऊन आला, त्याला एक खेकडा मिळाला. संध्याकाळी सर वर्गात म्हणाले, "परीक्षकांना मी काय दाखवू? प्रात्यक्षिक झालं नाही तर हे वर्ष सगळ्यांचंच गेलं." मी इंदूकडे पाहिलं. ती टेबलावरचं मेण नखानं खरवडत होती. तिच्या घरच्या विहिरीत हिरवे, तळहाताएवढे बेडूक बारा महिने असतात, हे त्या वर्गात फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं. मी गप्प राहिले असते, शपथेवर सांगते. ज्याचं त्याला जड. पण ती उठली आणि म्हणाली, "आमच्या इहिरीत हायेत, सर. पण माह्या बापाले इचारा लागते." आणि खाली बसून माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं सर, इंदू आणि मी उंद्रीला गेलो. सरांनी वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा घेतला होता, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडून. तात्या मळ्यात वांग्याला पाणी देत होते. हातात फावडं, एक वाफा भरला की मातीचं बारं मोडून पाणी दुसऱ्यात. सरांनी पुणेरी पद्धतीनं सुरुवात केली, "त्याचं असं आहे, तात्यासाहेब..." इंदूनं त्यांना मधेच थांबवलं. म्हणाली, "तात्या, मले तिथं बेंडूक कापा लागते. वर्षभर कापले. उद्या परीक्षा हाये, कॉलेजातले सारे मेले. आपल्या इहिरीतले पाह्यजे."

तात्यांनी बारं मोडलं. पाणी दुसऱ्या वाफ्यात गेलं. मग विचारलं, "काऊन कापतेत?"

"त्याचं काळीज कसं चालते ते पाह्यलं की मानसाचं समजते."

"आन मंग शिवतेत का परत?"

आता इथं कुणीही 'हो' म्हणून मोकळं झालं असतं. मी तर नक्कीच. इंदू म्हणाली, "नाई. मरते तो." तात्यांनी फावड्यानं वाफ्याचा कोपरा नीट केला. मग म्हणाले, "मले वाटलं, तू मिरचीचं शिकून राह्यली." एवढंच. इंदूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. सर गडबडले. त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि म्हणाले, "कॉलेज याची किंमत देईल." तसे तात्या ताठ झाले. "मी बेंडूक इकत नाई, सर. ते माहे नाईतच, इहिरीचे हायेत." फावडं बांधावर रोवलं, पटका सोडून तोंड पुसलं, पुन्हा बांधला. आणि मग इंदूकडे वळून, "पाह्यजेच असन तं इहिरीपासून उसने ने. पानी पडलं की आनून सोडाचे. जितके नेले तितके, त्याच जातीचे. आन ध्यानात ठेव पोरी, पैशाचं रिन कधी माफ होते. उसनं माफ होत नसते."

आमच्याकडे शेजारणीकडून वाटीभर बेसन आणलं तर वाटीभरच परत करायचं, आणि वाटी शिगोशीग. त्यात कुणी सूट देत नाही, कुणी मागत नाही. पण बेडूक उसने देणारा माणूस मी तेवढाच पाहिला. इंदू पायऱ्या उतरून विहिरीत गेली, पदर खोचून एकेक बेडूक धरून डब्यात टाकत गेली. मी वरच्या पायरीवर थोडं पाणी घातलेला डबा धरून उभी, तोंड फिरवून. तात्यांनी पाहिलं नाही. ते थारोळ्यापाशी पाठ करून बसले होते, पण डब्यात 'डुबुक' आवाज झाला की बाजूचा एक खडा उचलून थारोळ्याच्या कोनाड्यात ठेवत होते. परतीच्या गाडीत कंडक्टरनं डब्याला कान लावून विचारलं, "काय हाये?" सर म्हणाले, "शैक्षणिक साहित्य." तेवढ्यात साहित्यानं आतून आवाज दिला. सगळी गाडी हसली, इंदूसुद्धा.

परीक्षेत तिच्यासमोर ट्रे आला तेव्हा ती चिमटा हातात धरून थोडी थांबली. मी शेजारच्याच टेबलावर होते. बेडूक तिच्या घरचा होता... मग तिनं कातडी उचलली आणि कात्री चालवली, नेहमीसारखीच. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी तिला विचारलं, "उन्हाळ्यात बेडूक कुठे जातात?" पुस्तकात ग्रीष्मनिद्रा आहे, जमिनीखाली. इंदू म्हणाली, "काही जमिनीत जातात, सर. काही आमच्या विहिरीत." दामले सरांना ठसका लागला. आम्ही दोघी पास झालो, ती झकास आणि मी काठावर.

आषाढात ती मला ओढून घेऊन गेली. कॉलेजच्या मागच्या डबक्यांतून तिनं चिखलात गुडघाभर उतरून बेडूक धरले होते, हिरवेच, निवडून. तिनं एकेक विहिरीत सोडला आणि तात्यांनी कोनाड्यातला एकेक खडा काढून बांधापलीकडे फेकला. शेवटचा खडा फेकला आणि म्हणाले, "फिटलं." मग आम्हाला भरताचं वांगं आणि भाकरी वाढली. कापाकापीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. सरांचा हौदावर भरवसा उरला नव्हता, म्हणून पुढची दोन वर्षंही तसेच नेले आणि तसेच आणून सोडले. कॉलेज बंद झालं नाही, मिरचीवरचा कोकडाही गेला नाही. त्यावरून तात्या तिला शेवटपर्यंत टोचायचे, "डिगरी घेतली आन कोकडा जसाच्या तसा."

पुढं ती मेहकरला लागली. आधी हायस्कूलला, मग अकरावी-बारावी निघाली तेव्हा जीवशास्त्राला. लग्नही तिथल्याच मास्तरांशी झालं. मी दुकानात येऊन पडले. माझ्या बी.एस्सी.चा उपयोग बाटल्यांवरची नावं वाचण्यापुरता. ती मात्र माघ लागला की उंद्री गाठायची आणि तोच डबा घेऊन यायची. गाडी बदलायला चिखलीत उतरायची, डबा माझ्या पायरीवर सावलीत ठेवायची, वर ओलं फडकं. मग चहा, मग माझ्या घरादाराची उलटतपासणी. गिऱ्हाईक विचारायचं, हे कशाचं औषध? इंदू सांगायची, "अज्ञानाचं." आषाढात उलटा फेरा. पैनगंगेच्या काठानं, खदानीच्या डबक्यांतून नऊवारीतल्या सासूबाईंच्या डोळ्यांदेखत ही बाई बेडूक धरत हिंडायची. सासूबाईंनी कपाळाला हात लावला, गावानं बेंडूकबाई नाव ठेवलं. वर्गात पोरं नवी आली की पहिल्या दिवशी सांगायची, "इथं कापाल तो बेडूक उसना आहे. वाया घालवला तर माझ्याशी गाठ आहे." मी एकदा म्हटलं, "इंदे, तात्या आता काय मोजून राह्यले का?" तर माझ्यावरच उखडली. "ते नाई मोजत तं मी मोजाचं सोडू काय?"

दुष्काळाच्या साली पाऊसच झाला नाही. उंद्रीच्या विहिरीचा तळ दिसला, आणि त्या वर्षीचे खडे कोनाड्यात तसेच राहिले. इंदूनं पुढच्या माघात एकही बेडूक नेला नाही. पोरांना झुरळावर शिकवलं, तक्त्यावर शिकवलं. माझ्याकडे आली तेव्हा चहाही नीट प्यायली नाही, "खडे पडून राह्यले वं," एवढंच दोनदा म्हणाली. मी हसले होते. पुढच्या साली पाणी झालं तेव्हा तिनं सगळे फेडले, आणि वर चार जास्त सोडले. ते चार तात्यांनी खपवून घेतले नाहीत, चार खडे उलटे तिच्या नावावर जमा धरले.

मेहकरहून निघताना भावजींनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, डबा माझ्या हातात दिला. म्हणाले, "यात काही ठेवता येत नाही. तुमच्याकडेच असू द्या." तेराव्यानंतर मी उंद्रीला तात्यांना भेटायला गेले. मोट जाऊन आता इंजिन आलं आहे, पण थारोळं आहे. तात्यांना दिसतं कमी. ते थारोळ्यावर बसले होते. मी शेजारी बसले. माघात ती येऊन गेली होती, कावीळ व्हायच्या आधी. कोनाड्यात खडे होते.

तात्यांनी कोनाड्यात हात घातला आणि खडे मुठीत घेतले. "लेकरूच गेलं," ते म्हणाले, "आता कोनाचं उसनं आन कोनाचं काय. फिटलं म्हना." आणि फेकायला हात उचलला. मी त्यांचं मनगट धरलं. आजवर त्यांच्या पायांखेरीज कुठं हात लावला नव्हता. "तात्या," मी म्हटलं, "उसनं माफ होत नसते. तुमीच म्हनलं होतं." तात्या रडले... तेराव्यालासुद्धा रडले नव्हते असं घरचे म्हणाले. मीही रडले. इतके दिवस मेहकर, स्वयंपाक, येणारं-जाणारं यात राहूनच गेलं होतं. मग त्यांनी चाचपत चाचपत खडे परत कोनाड्यात ठेवले, एकेक करून. नाक पुसलं आणि म्हणाले, "तुले बेंडूक धरता येते काय?"

"नाई."

"मंग?"

"शिकीन."

त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नाही. मागून धरायचा, कमरेत, पाय लांब सुटू द्यायचे, आणि घाबरायचं नाही, तो आपल्याहून जास्त घाबरलेला असतो, असं इंदू पोरांना सांगायची. मी ते ऐकलेलं आहे, केलेलं नाही. मृगाला अजून काही दिवस आहेत. डबा दुकानाच्या पायरीवर त्याच्या जागेवर ठेवला आहे. यजमान एकदा म्हणाले, माळ्यावर टाकू का, मग माझं तोंड बघून गप्प बसले. झाकणाची भोकं गंजानं बुजत चालली होती. सकाळी दुकान उघडलं की मी खिळा घेऊन बसते आणि ती एकेक मोकळी करते.